साडेनऊशे किलोंचा हिशेब

ऑस्ट्रेलियाच्या मधोमध सिम्प्सन नावाचे वाळवंट आहे. वाळूच्या एकामागे एक अशा सुमारे अकराशे टेकड्या, त्याही जवळपास एकमेकींना समांतर. पश्चिमेला माउंट डेअर आणि पूर्वेला बर्ड्सव्हिल, या दोन ठिकाणांच्या दरम्यान पाचशे किलोमीटरहून अधिक अंतरात पेट्रोल पंप नाही, गॅरेज नाही, गाव नाही. उन्हाळ्यात, म्हणजे १ डिसेंबर ते १५ मार्च, या वाळवंटातून जायला परवानगीच नसते. उरलेल्या महिन्यांत मात्र हौशी प्रवासी आपापल्या फोर-व्हील-ड्राइव्ह पिकअप घेऊन निघतात. तिकडे या गाडीला ‘यूट’ म्हणतात. पुढे चार-पाच माणसांची केबिन, मागे उघडा हौदा.

कारखान्यातून आलेली गाडी तशीच घेऊन कोणी सहसा निघत नाही. पुढे लोखंडी गार्ड, विंच, हौद्यावर बंद पेटी, टपावर तंबू, मोठे टायर, उंच केलेले सस्पेन्शन, अशी तयारी महिनोन्‌महिने चालते. तयारीमागची भावना समजण्यासारखी आहे. वाटेत काही बिघडले तर मदत यायला दिवस लागू शकतो, तेव्हा सगळे जवळ असलेले बरे. गोची अशी की गाडी अधिक समर्थ व्हावी म्हणून बसवलेली प्रत्येक वस्तू तिला थोडी दुबळीही करते. कारण प्रत्येक वस्तूला वजन असते, आणि गाडीने किती वजन वाहायचे ते ती विकत घेतली त्या दिवशीच ठरलेले असते.

हा हिशेब एकदा कागदावर मांडून पाहण्यासारखा आहे. अशा मध्यम आकाराच्या पिकअपचे स्वतःचे वजन, टाकी भरलेली पण माणसे बसलेली नाहीत अशा अवस्थेत, साधारण २,१०० किलो असते. माणसे आणि सामानासह तिचे एकूण वजन जास्तीत जास्त किती असावे, हे कंपनी ठरवून देते. समजा ते ३,०५० किलो आहे. म्हणजे हाती उरले ९५० किलो. ऐकायला भरपूर वाटतात. आता ठोकळ आकडे धरून खर्च करायला घेऊ.

पुढचे लोखंडी गार्ड ७० किलो. त्यात बसवलेले विंच, पोलादी दोरासकट, ३५. इंजिन आणि गिअरबॉक्सला दगड लागू नये म्हणून खाली लावलेले जाड पत्रे ३५. फ्रिज चालवायला दुसरी बॅटरी २८. हौद्यावरची पेटी १३०, तिच्यातले सरकते खण ७५. टपावरचे कॅरिअर आणि घडीचा तंबू मिळून ९५. फ्रिज, आतल्या खाण्यापिण्यासह, ५५. मूळच्या टाकीत भागत नाही म्हणून ६० लिटर जादा डिझेल, त्याचे ५०. पिण्याचे पाणी ६० लिटर, म्हणजे बरोबर ६०. दुसरी स्टेपनी ३५. हत्यारे, फावडे, ओढायचे पट्टे, जॅक मिळून ४५. बेरीज झाली ७१३. अजून गाडीत कोणी बसलेले नाही. चार माणसांचे ३०० धरले की आकडा १,०१३ वर जातो. कपडे, अंथरूण, भांडी अजून अंगणातच आहेत आणि मर्यादा ६३ किलोंनी ओलांडून झाली आहे.

यातली एकही वस्तू चैनीची म्हणून काढून टाकता येत नाही, हे या बेरजेतले खरे दुखणे. कांगारू रात्री रस्त्यावर येतात, म्हणून गार्ड. पाण्याशिवाय तर जाताच येत नाही. शिवाय वजनाला वजन जन्माला घालण्याची खोड असते. गाडी जड झाली की वाळूत डिझेल जास्त पिते. शंभर किलोमीटरला १८ लिटर धरले तर साडेपाचशे किलोमीटरला ९९ लिटर लागते, मूळ टाकी असते ८० लिटरची. म्हणून जादा डिझेल घ्यायचे, आणि ते वाहून न्यायला पुन्हा थोडे अधिक डिझेल जाळायचे. रॉकेट बांधणाऱ्यांना हे दुष्टचक्र चांगले ओळखीचे आहे.

एकूण वजन मर्यादेत बसवले तरी प्रश्न अर्धाच सुटतो, कारण ते वजन गाडीत कुठे ठेवले आहे, हेही तितकेच महत्त्वाचे. बैलगाडी भरणाऱ्याला हे कोणी शिकवावे लागत नसे. माल मागे जास्त झाला की गाडी उलाळ होते आणि बैलांच्या मानेवरचे जू वर उचलले जाते. पिकअपमध्ये मागचा अॅक्सल हा त्या तरफेचा टेकू असतो. समजा गाडीला अडीच टनांची कॅरव्हॅन, म्हणजे चाकांवरचे घर, जोडले आहे. जोडणीच्या हुकवर त्याचा साधारण दहा टक्के भार येतो, म्हणजे २५० किलो. हुक मागच्या अॅक्सलच्या सव्वा मीटर मागे आहे आणि पुढच्या-मागच्या अॅक्सलमधले अंतर ३.१ मीटर आहे. तरफेच्या नियमाने पुढच्या चाकांवरचा भार सुमारे १०० किलोंनी कमी होतो आणि मागच्या अॅक्सलवर २५० नव्हे, तर ३५० किलो वाढतात. ज्या चाकांनी गाडी वळवायची आणि ब्रेक मारल्यावर ज्यांच्यावर सर्वात जास्त भिस्त असते, तीच हलकी होतात.

या तरफेचा आणखी एक परिणाम ऑस्ट्रेलियातल्या गॅरेजवाल्यांनी पुष्कळदा पाहिला आहे: वाकलेली चासी. पिकअपची चासी शिडीसारखी असते. दोन लांब पोलादी तुळया आणि मध्ये आडव्या पट्ट्या. केबिनच्या मागे आणि मागच्या अॅक्सलच्या थोडे पुढे तिच्यावर सर्वात जास्त ताण येतो. उभ्या गाडीत हा ताण चासी सहज सोसते. पण खड्ड्यातून गाडी उसळून खाली आदळते तेव्हा मागचे तेच ओझे क्षणभर दुप्पट-तिप्पट होऊन दाबते. असे हजारदा झाल्यावर एखाद्या दिवशी हौदा आणि केबिन यांच्यामधली फट वरच्या बाजूने रुंदावलेली दिसते. गाडीचे कंबरडे मोडलेले असते.

मागे बसलेली, म्हणजे शेपूट खाली गेलेली गाडी वर उचलायला अनेक जण पाट्यांच्या जोडीला हवेची उशी बसवतात. हवा भरली की गाडी सपाट दिसते आणि मालकाला हायसे वाटते. मात्र ओझे एक किलोनेही कमी झालेले नसते. कमानीचे पाटे चासीला दोन टोकांना जोडलेले असतात, त्यांच्यात एक मीटरहून अधिक अंतर असते, त्यामुळे भार विभागला जातो. उशी तोच भार चासीच्या एकाच जागी, अॅक्सलच्या नेमक्या वर देते. काठी गुडघ्यावर ठेवून मोडतात, तसाच हा प्रकार. उशा वाईटच असे नाही. मागे लांबवर लोंबणारे जड ओझे, खडबडीत रस्ता आणि ताठ फुगवलेली उशी, हे तिन्ही एकत्र आले की मात्र धोका असतो.

जाड पाट्यांचाही एक हिशेब आहे आणि तो थेट आपल्या पाठीच्या कण्यापर्यंत पोहोचतो. स्प्रिंगवर ठेवलेले वजन ठरावीक लयीत वरखाली होते. स्प्रिंग ताठ केली तर लय जलद होते, वजन वाढवले तर मंदावते. प्रवासी गाडीची लय सेकंदाला एक ते दीड हेलकावा अशी ठेवतात. ती आपल्या चालण्याच्या लयीच्या जवळपासची, म्हणून सुसह्य. पाचशे किलो कायम लादलेले असतील असे धरून बसवलेले पाटे रिकाम्या गाडीत ही लय बिघडवतात, आणि मग साधा गतिरोधकही दणका देतो. म्हणून तिकडचे चांगले कारागीर गिऱ्हाइकाला आधी एकच प्रश्न विचारतात: गाडीवर बारा महिने किती ओझे असते? सुट्टीतल्या पंधरा दिवसांसाठी पाटे बसवले तर उरलेले साडेअकरा महिने पाठ त्याची किंमत मोजते.

मानवी शरीर बसलेल्या स्थितीत सेकंदाला सुमारे ४ ते ८ वेळा होणाऱ्या उभ्या कंपनांना सर्वात जास्त साथ देते. या पट्ट्यात पोट, छाती आणि कणा सीटपेक्षाही जास्त हलतात. वर्षानुवर्षे अशी कंपने सोसणाऱ्या ट्रक आणि ट्रॅक्टरचालकांमध्ये कंबरदुखी जास्त आढळते, हे वैद्यकशास्त्राला जुनेच माहीत आहे. ऑस्ट्रेलियातल्या कच्च्या रस्त्यांवर कपडे धुण्याच्या जुन्या पत्र्यासारख्या आडव्या लाटा असतात, दोन लाटांमध्ये अर्धा ते एक मीटर अंतर. एक मीटरच्या लाटांवरून ताशी २० किलोमीटरने गेले तर सेकंदाला साडेपाच दणके बसतात, नेमके त्या वाईट पट्ट्यात. म्हणून चालक वेग वाढवतात. ताशी ८० ला दणके सेकंदाला २२ होतात, चाके लाटांच्या माथ्यावरून तरंगत जातात आणि केबिनमध्ये शांतता होते. या शांततेत चाकांची जमिनीवरची पकडही निम्मी सुटलेली असते, आणि वळण येईपर्यंत ते कळत नाही.

या लाटा रस्त्यावर मुळात उमटतात कशा, याचा छडा तीन भौतिकशास्त्रज्ञांनी लावायचा प्रयत्न केला: निकोला टाबर्ले, टोरोंटोचे स्टीफन मॉरिस आणि केंब्रिजचे जिम मॅकएल्वेन. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रयोगात फिरत्या गोल तबकावर वाळू होती आणि तिच्यावर एक साधे चाक. ठरावीक वेगाच्या खाली वाळू सपाट राहिली. तो वेग ओलांडताच लाटा आपोआप उमटल्या. स्प्रिंग नाही, फुगीर टायर नाही, तरीही.

पुन्हा गाडीकडे वळू. मोठे टायर हा या हौसेतला सर्वात लोकप्रिय आणि सर्वात कमी समजून घेतलेला बदल आहे. ३१ इंच व्यासाच्या जागी ३३ इंचाचा टायर लावला तर गाडीचे पोट जमिनीपासून फक्त एक इंच वर जाते, कारण व्यासाचा अर्धाच भाग अॅक्सलच्या खाली असतो. बदल्यात प्रत्येक गिअर साडेसहा टक्के लांब होतो, चढावर इंजिन दमते, स्पीडोमीटर शंभर दाखवतो तेव्हा गाडी प्रत्यक्षात १०६ ने पळत असते. टायरचे वाढलेले वजन स्प्रिंगच्या खाली असते. हौद्यातल्या पाच किलोंपेक्षा चाकातले पाच किलो जास्त महाग पडतात, कारण खड्ड्यात गेलेले जड चाक वेळेवर परत जमिनीला चिकटत नाही. ते फिरवायला आणि थांबवायलाही अधिक जोर लागतो.

थांबवण्याचा आकडा तर प्रत्येक चालकाला माहीत हवा. तीन टनांची गाडी ताशी १०० किलोमीटरवरून पूर्ण थांबते तेव्हा ब्रेकमध्ये जी उष्णता निर्माण होते, तिच्यावर साडेतीन लिटर थंड पाणी उकळेल. हे एकदा ब्रेक मारण्याचे झाले. घाटात तो पुन्हा पुन्हा मारावा लागतो. वजन वीस टक्के वाढले की उष्णताही वीस टक्के वाढते, ब्रेकच्या चकत्या मात्र तेवढ्याच राहतात.

टपावरच्या वजनाचे गणित वेगळे आहे. चाकांमधल्या रुंदीचा अर्धा भाग भागिले गुरुत्वमध्याची उंची, हा आकडा गाडी किती सहज कलंडेल हे सांगतो. अमेरिकेत गाड्यांना उलटण्याबाबतचे तारे देताना तोच पाया धरतात. समजा रुंदी १.५४ मीटर आणि गुरुत्वमध्य ७० सेंटिमीटरवर आहे. आकडा येतो १.१. सस्पेन्शन पाच सेंटिमीटर उचलले आणि टपावर ९५ किलोंचा तंबू चढवला की गुरुत्वमध्य ८० सेंटिमीटरच्या आसपास जातो आणि आकडा एकच्या खाली घसरतो. यात तंबूचा वाटा गाडीच्या वजनाच्या पाच टक्क्यांहूनही कमी. स्वीडनचे ‘टेक्निकेन्स वेर्ल्ड’ हे नियतकालिक रस्त्यात अचानक सांबर आल्यासारखे वळण घ्यायला लावून गाड्यांची परीक्षा घेते, तीही पूर्ण ओझ्यासह. २००७ मध्ये आणि पुन्हा २०१६ मध्ये टोयोटाची हायलक्स तिथे दोन चाकांवर गेली होती. ती गाडी कारखान्यातून निघाली तशीच होती, उंच केलेली नव्हती आणि टपावर तंबूही नव्हता. पुढे कंपनीने त्यात सुधारणा केल्या.

ऑस्ट्रेलियात यावर कायदेशीर वाट आहे. मान्यताप्राप्त पाटे, शॉक अॅब्झॉर्बर आणि गरजेप्रमाणे इतर भाग बदलून, तपासणी करून गाडीचे मान्य वजन अधिकृतपणे वाढवून मिळते. मात्र तिथे एक बारीक अट बहुतेकांच्या नजरेतून निसटते. गाडी आणि ट्रेलर मिळून जास्तीत जास्त किती वजन असावे, हा वेगळा आकडा असतो आणि तो सहसा वाढत नाही. तो सहा टन असेल आणि गाडीच सव्वातीन टन भरली, तर ट्रेलरला उरतात पावणेतीन टन. मग जाहिरातीत साडेतीन टन ओढण्याची ताकद असे कितीही मोठ्या अक्षरांत लिहिलेले असो.

वजनाशी झुंजण्याची दुसरी रीत आइसलँडने शोधली. तिथल्या हिमनद्यांवरच्या भुसभुशीत बर्फात ताकदीचा उपयोग नसतो. चाक फिरले की खाली रुतते. तिथल्या कारागिरांनी ३८ आणि ४४ इंचांचे रुंद टायर बसवले, पण त्यासाठी गाडी नुसती उंच करत न बसता चाकांवरच्या पत्र्याच्या कमानी कापून जागा केली, म्हणजे गुरुत्वमध्य फार वर जात नाही. मग टायरमधली हवा काढत काढत ३ पौंडांपर्यंत आणायची. जमिनीवर पडणारा दाब ढोबळमानाने टायरमधल्या हवेइतकाच असतो. ३ पौंड म्हणजे एका चौरस सेंटिमीटरवर जेमतेम पाव किलो. चालणाऱ्या माणसाच्या एका पायाखाली याच्या जवळजवळ दुप्पट दाब असतो. माणूस जिथे गुडघाभर रुततो तिथून तीन टनांची गाडी जाते. २००७ मध्ये बीबीसीच्या ‘टॉप गिअर’ कार्यक्रमासाठी ज्या हायलक्स चुंबकीय उत्तर ध्रुवाच्या १९९६ मधल्या जागेपर्यंत गेल्या, त्या अशाच आइसलँडमध्ये घडवलेल्या होत्या.

भारतातही अशा पिकअप आता दिसतात. इसुझूची व्ही-क्रॉस २०१६ मध्ये आली, हायलक्स २०२२ मध्ये. पण इथे बदलांना वाव बराच कमी आहे. डिसेंबर २०१७ मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने पुढची लोखंडी गार्ड काढायला सांगितली. असे गार्ड धडकेचा धक्का शोषून न घेता थेट चासीकडे देते, एअरबॅगच्या सेन्सरची गफलत करू शकते आणि समोर आलेल्या पादचाऱ्याला तर ते लोखंडच लागते. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही स्पष्ट केले की, कंपनीने ठरवलेल्या आणि नोंदणीत असलेल्या तपशिलांशी विसंगत बदल गाडीत करता येणार नाहीत. हौशी लोक यावर नाराज आहेत. तरी आपल्याकडे वजनाचा खरा प्रश्न त्यांचा नाहीच. भाजी, ऊस, विटा भरून निघालेली छोटी पिकअप मागे टेकते, म्हणून गॅरेजात दोन पाटे वाढवून घेतले जातात. गाडी ताठ उभी राहते. ब्रेक, टायर, अॅक्सल आणि चासी मात्र पहिल्याच दिवसाची असतात, आणि घाट उतरताना परीक्षा त्यांची होते.

बर्ड्सव्हिलपासून ३५ किलोमीटरवर ‘बिग रेड’ नावाची सुमारे ४० मीटर उंच वाळूची टेकडी आहे. रस्त्यावरची ३६ पौंड हवा तशीच ठेवून जड गाड्या तिच्यावर चढू लागतात, अर्ध्यावर चाके खणायला लागतात आणि मागे घसरत परत येतात. तीन टनांच्या गाडीचा एक टायर ३६ पौंडांना शाळेच्या छोट्या वहीच्या पानाएवढ्या जागेवर टेकतो. हवा निम्मी, म्हणजे १८ पौंड केली की ती जागा झेरॉक्सच्या कागदाएवढी होते. त्याच चालकाने तीच गाडी घेऊन पुन्हा प्रयत्न केला की बहुधा ती वर पोहोचते. हवा सोडायला दहा मिनिटे लागतात आणि त्याचे वजन शून्य असते. डांबरी रस्त्याला लागण्याआधी हवा पुन्हा भरावी लागते, नाहीतर मऊ टायर तापून फाटतो. त्यासाठी लागणारा कॉम्प्रेसर मोजक्या किलोंचा.

मुरलेले प्रवासी निघण्यापूर्वी भरलेली गाडी, माणसांसकट, वजनकाट्यावर नेतात. आधी फक्त पुढची चाके काट्यावर, मग फक्त मागची, मग संपूर्ण गाडी. विंचचा पोलादी दोर जाऊन कृत्रिम धाग्याचा येतो, आठ-दहा किलो वाचतात. शिशाच्या बॅटरीऐवजी लिथियमची घेतली की आणखी पंधरा. पाण्याचे कॅन मागच्या दारापाशी असतात ते सीटच्या पाठीला टेकवून खाली ठेवले जातात. आणि परतल्यावर बरेच जण अंगणात दोन ढीग करतात, वापरलेल्या वस्तूंचा आणि न वापरलेल्या वस्तूंचा. दुसऱ्या ढिगातून प्रथमोपचाराची पेटी, पाणी आणि ओढायचे पट्टे तेवढे परत गाडीत जातात.